चोवीस तासवाल्या खरातबाई

खरातबाईंची स्कूटी कोर्टाच्या फाटकातून आत वळली की लिंबाखाली उभे असलेले पोलीस एकमेकांना म्हणायचे, "आले, चोवीस तास आले." बाईंना ते ऐकू जायचं. ऐकू जावं म्हणूनच ते म्हणायचे. बाई स्कूटी स्टँडवर लावायच्या, पांढऱ्या साडीचा पदर काळ्या कोटाच्या आत खोचायच्या आणि जाताजाता म्हणायच्या, "तेवढं तोंडपाठ झालं ना? मंग आता तसं वागायला बी शिका."

मी त्या कोर्टात लघुलेखक होतो. तालुक्याचं नाव सांगत नाही. जालना जिल्ह्यात तालुके आठ आहेत. ज्याला जो आपला वाटेल तो त्यानं धरावा. पेन्शन सुरळीत चालू आहे, ती तशीच चालू राहावी एवढीच माझी इच्छा आहे.

राज्यघटनेत एक वाक्य आहे. पकडलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत जवळच्या न्यायाधीशापुढे उभं करावं. प्रवासाला लागलेला वेळ त्यात धरू नये. खरातबाईंनी सगळी वकिली ह्या एका वाक्यावर केली. बाकीचे वकील बांधाच्या भांडणात, वाटणीत, अपघाताच्या दाव्यात मुरलेले. ते विचारत, एका वाक्यावर कोणाचं पोट भरतं का? बाईंचे यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते, त्यामुळे भरत होतं.

ज्या आरोपीला वकील करणं परवडत नाही त्याला सरकारकडून वकील मिळतो. त्या यादीत बाईंचं नाव होतं. यादीत आणखीही बरीच नावं होती, पण ती यादीतच असत. बाई मात्र यायच्या. रोज, दुपारी अडीचला, पायात कॅनव्हासचे बूट घालून. कारण आरोपी अडीच-तीनला आणत.

आता आमच्याकडे हे काम कसं चालायचं ते सांगतो, म्हणजे बाई लोकांना का खुपायच्या ते कळेल. माझ्या कॉम्प्युटरमध्ये हुकमाचा एक नमुना तयार होता. 'आरोपीस हजर केले. पोलिसांविरुद्ध तक्रार आहे काय, असे विचारले. तक्रार नाही, असे त्याने सांगितले.' मी नाव आणि गुन्ह्याचा नंबर तेवढा बदलायचो. आरोपी अजून जीपमधून उतरत असायचा आणि त्याची तक्रार नसल्याचं माझ्याकडे लिहून तयार असायचं. एकदा एक मुका माणूस आणला होता. त्यानंही 'सांगितले'.

साहेब, म्हणजे न्यायाधीश, विचारायचे, "पोलिसांनी मारहाण केली का?" मारहाण करणारा आरोपीच्या दंडाला धरून शेजारीच उभा असायचा. आरोपी म्हणायचा, "न्हाई साहेब." पोलीस कोठडी किती दिवसांची ते ठरायचं, मी आकडा भरायचो, शिपाई पुढचं नाव पुकारायचा. एका माणसाच्या चार दिवसांचा निकाल लागायला चहा निवायला लागतो तेवढाही वेळ लागत नसे. आम्हाला त्याचा अभिमान होता. काम तुंबत नाही, असं आम्ही वरिष्ठांना कळवायचो.

बाईंचा प्रश्न एकच असायचा. आरोपी व्हरांड्यात आला की त्या त्याच्यासमोर उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "कव्हा आणलं?"

हा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही. माणसाला पकडलं की आधी त्याचा मोबाइल काढून घेतात. मनगटावर घड्याळ असलं तर तेही. एका खोलीत बसवतात. दिवा चोवीस तास चालू. मग त्याला कसलं आलंय सकाळ-संध्याकाळ? "काल आणलं," तो म्हणायचा. मग म्हणायचा, "न्हाई, परवा असंल."

"तू व्हतास कुठं तवा?"

"पानटपरीवर."

"बस कोणती गेल्ती तिथून?"

"मंठ्याची. खिडकीत माझा साडू बसल्ता. मला धरलेलं पाहून त्यानं तोंड फिरवलं, बाई."

"साडूचं जाऊ दे. जाणारी व्हती का येणारी?"

"जाणारी."

"म्हंजे पावणेदहा," असं म्हणून बाई वहीत लिहायच्या. कोणती बस कुठं किती वाजता पोचते, बाजारपेठेतले कापडवाले शटर कधी वर करतात, कोणत्या मशिदीची अजान कुठपर्यंत ऐकू येते, कोणत्या शाळेची घंटा किती वाजता होते, आठवडी बाजारात मिरचीवाला कधी उठतो, हे सगळं त्यांना पाठ. माणसाला घड्याळ कळत नसलं तरी त्याच्या आजूबाजूचं गाव वेळेवर चाललेलं असतं, असं त्या म्हणायच्या. मग त्या कागद बघायच्या. कागदावर अटकेची वेळ हमखास एकच असायची. सतरा वाजून तीस मिनिटं.

हे साडेपाच म्हणजे पवार जमादारांचं काम. पवार जमादार ठाण्यातले लिहिणारे. अक्षर मोत्यासारखं. जे ते लिहीत ते झालेलं असे, आणि जे ते लिहीत नसत ते झालेलं नसे. संध्याकाळी साडेपाचची अटक सोयीची. दुसऱ्या दिवशी तीनला कोर्टात उभं केलं की एकवीस-बावीस तास होतात, कोणाच्या बापाची बोलायची सोय नाही. त्याआधी माणूस दोन दिवस ठाण्यात असला तरी तो अटकेत नसायचा. तो 'बसवलेला' असायचा.

बाईंनी एकदा भर कोर्टात विचारलं, "साहेब, ह्या तालुक्यात साडेपाचच्या आधी कोणीच सापडत न्हाई, असं का? पोलीस झोपतात, का चोर?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी ते टाइप केलं नाही.

हे 'बसवणं' मी डोळ्यांनी बघितलं ते योगायोगानं. बाजारात माझा मोबाइल गेला होता, त्याची नोंद द्यायला मी सकाळी दहाला ठाण्यात गेलो. बाकावर भगवान नावाचा एक टेंपो ड्रायव्हर बसलेला होता. कालपासून. त्याच्या टेंपोत कोणाचा तरी चोरीचा माल सापडला, असं काहीतरी. थोड्या वेळानं बाई आल्या. मागे भगवानची बायको, दारातच थांबली.

"जमादार, ह्याला अटक केली का?"

"न्हाई म्याडम," पवार जमादार फार अदबीनं बोलायचे. "बसवलंय नुसतं. चहा बी पाजलाय."

"मंग घरी जाऊ शकतो हा."

"जाईल ना. चौकशी झाली की जाईल."

"कोण करून राह्यलं चौकशी?"

"साहेब बाहेर गेल्यात."

"बरं. मी बी बसते," असं म्हणून बाई भगवानशेजारी बसल्या. पिशवीतून मेथीची जुडी काढली, वर्तमानपत्र पसरलं आणि मेथी निवडायला लागल्या. माझी नोंद कोणी घेत नव्हतंच, म्हणून मीही बसलो. असे आम्ही तिघं तासभर. जमादार काहीतरी लिहीत होते, मधूनच मेथीकडे बघत होते. ठाण्यात मेथी निवडू नये असा नियम आहे की नाही, ह्याचा ते विचार करत असावेत.

जुडी संपली. बाईंनी देठं पेपरात गुंडाळली, हात झटकले. "भगवान, ऊठ."

"कुठं बाई?"

"घरी. तुला अटक न्हाई, जमादार सोता म्हणले. चल. तुझी बायको बाहेर उभी हाय."

भगवान उठला. त्याला पटलेलं नव्हतं, पण बाईंच्या आवाजापुढं इलाज नव्हता. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. तिसऱ्याला जमादार ओरडले, "ए! बस खाली!"

"झाली अटक," बाई म्हणाल्या. "स्टेनोसाहेब, किती वाजले?"

मी घड्याळ बघून सांगितलं, "अकरा वीस." एवढ्या वर्षांत कोणी विचारलं की सांगायची सवय. तोंडातून गेल्यावर कळलं, आपण काय केलं ते.

"साक्षीदार बी भेटला, कोर्टातला. लिहा जमादार. अकरा वाजून वीस मिनिटं. साडेपाच लिहू नका, मेथी साक्षीला हाय."

जमादारांनी पेन खाली ठेवलं. अटक लिहायची तर कारण लिहायला हवं, आणि कारण तर साहेबांबरोबर बाहेर गेलं होतं. दहा मिनिटं फोनाफोनी झाली. मग भगवानला सांगितलं, जा, बोलावलं की ये. तो गेला तो चपला न घालता गेला. बायको त्या हातात घेऊन मागं पळाली. माझ्या मोबाइलची नोंद त्या दिवशी झाली नाही. नंतरही झाली नाही.

खरातबाई फार मोठ्या वकील होत्या असं मी म्हणणार नाही. खटल्यात त्या कच्च्या होत्या. उलटतपासणीला उभ्या राहिल्या की सरकारी वकील खुर्चीत आरामात रेलायचे. स्वभाव तुसडा. आरोपी रडायला लागला तर म्हणायच्या, "रडून वेळ सांगता येतो का? आधी वेळ सांग, मंग रड." कोणी शपथेवर सांगायला लागला की बाई मी चोरी केली न्हाई, तर त्याला हातानंच थांबवायच्या. "केली का न्हाई ते मला सांगू नको. ते पुढचे वकील बघतील. मला फकस्त तुला धरल्यापास्नं इथं उभं करेपर्यंतचं सांग." माणसाच्या सबंध आयुष्यातल्या तेवढ्याच तुकड्यात त्यांना रस होता. बाकी तो देव असो की दरोडेखोर.

लोक त्यांना चोरांची मावशी म्हणायचे. एका शेतकऱ्याच्या विहिरीवरची मोटारीची केबल तीनदा चोरीला गेली होती. तो व्हरांड्यात त्यांच्या अंगावर धावून आला. "आमचे चोवीस तास कोण बघणार, बाई? आम्ही रातरात जागून राह्यलो!"

बाई शांतपणे म्हणाल्या, "तुमचा चोर कुणाचा? तुमचा का त्यांचा?"

"माझा."

"मंग त्यांना म्हणा, आणा की कोर्टात. लपवून कशाला ठेवता? तुमच्या चोराचं ते तिकडं काय करून राह्यले, तुम्हाला तरी माहीत हाय का?"

 त्याला ते पटलं असं नाही. तो पान खायला गेला.

बाईंना हे वेड कशानं लागलं, ह्याच्या आमच्याकडे बऱ्याच कथा होत्या. कोणी म्हणे भावाला पोलिसांनी मारलं होतं, कोणी म्हणे वडिलांना खोट्या केसमध्ये घातलं होतं. मी एकदा विचारलंच. बाई शेंगदाणे-गूळ खात होत्या. म्हणाल्या, "काही झालं न्हाई हो. वडील पोस्टात व्हते, भाऊ बँकेत हाय. कॉलेजात राज्यघटना वाचली. सगळेच वाचतात. मला वाटलं, हे खरंच करायचं असतं."

सुदामची गोष्ट ह्यानंतरची.

सुदाम कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करायचा. त्याला फिट यायच्या. सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी. एका सोमवारी सकाळी ठाण्याची जीप गल्लीत आली आणि त्याला घेऊन गेली. केबल चोरीचाच संशय. त्याची बायको कांता गोळ्यांची पट्टी घेऊन मागोमाग ठाण्यात गेली. तिला सांगितलं, ह्या नावाचा माणूस इथं नाही. ती म्हणाली, त्याची चप्पल तर दारात दिसून राह्यली. तिला सांगितलं, चपला काय, सगळ्यांच्या सारख्याच असतात. मंगळवारी पुन्हा गेली. जो माणूस ठाण्यात नाहीच, त्याच्या गोळ्या घ्यायच्या कशा? पोलिसांच्या बाजूनं बघितलं तर हे अगदी बरोबर होतं. नोंद कुठं करणार?

बुधवारी दुपारी कांता खरातबाईंना भेटली. बाईंनी तिथंच व्हरांड्यात बसून अर्ज लिहिला, चार वाजता कोर्टात दिला: ह्या माणसाला सोमवारपासून डांबून ठेवलं आहे, त्याला हजर करण्याचा हुकूम व्हावा. कोर्टातला अर्ज ठाण्यात कळायला आमच्याकडे अर्धा तास लागतो. बरोबर दीड तासानं, म्हणजे साडेपाचला, सुदामला अटक झाली.

गुरुवारी तीनला त्याला आणलं. ओठ सुजलेला, जीभ चावलेली, शर्टाच्या कॉलरवर वाळलेला लाळेचा डाग. फिट येऊन गेली होती हे सांगायला डॉक्टर लागत नव्हता. बाईंनी व्हरांड्यात विचारलं, कव्हा आणलं. तो नुसता बघत राहिला. मग एकच वाक्य बोलला. ते ऐकून बाई जशा होत्या तशा वळल्या आणि कोटासकट रस्त्यानं नगर परिषदेकडे चालत सुटल्या. स्कूटीही घेतली नाही.

सुदामच्या आधी तीन नावं होती, म्हणून बरं. सुदामचा पुकारा झाला तेव्हा बाई धापा टाकत आत आल्या. त्यांच्या मागे पाण्याचा व्हॉल्व्ह उघडणारा नगर परिषदेचा माणूस, काखेत एक जाडजूड रजिस्टर.

न्यायाधीश नवे होते. वय तिशीच्या आतबाहेर, बोलणं मवाळ. पवार जमादार सुदामचा दंड धरून उभे. साहेबांनी विचारलं, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?"

सुदामनं जमादारांकडे बघितलं. "न्हाई."

बाई उठल्या. "साहेब, तो न्हाई म्हणाला हे खरं हाय. पण स्टेनोसाहेबांनी ते तो जिन्यात असतानाच लिहिलंय. त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये बघा. उत्तर तयार असलं तर प्रश्न कशाला इचारता?"

कोर्टात त्या दिवशी तीस-चाळीस माणसं असतील. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत मला कोणी बघितलं नव्हतं. लघुलेखकाकडे कोणी बघत नाही. साहेबांनी मान वाकवून माझ्या पडद्यावर नजर टाकली. वाक्य तिथंच होतं, मोठ्या ठळक अक्षरात, पूर्णविरामासकट.

"ती ओळ काढा," साहेब हळू आवाजात म्हणाले.

मी काढली.  आतून मी बाईंना शिव्या देत होतो, हेही सांगून टाकतो.

"जमादार, तुम्ही बाहेर थांबा," साहेब म्हणाले. जमादारांना हे काम नवीन होतं. ते दोनदा सांगितल्यावर गेले. मग साहेबांनी विचारलं, "सुदाम, तुम्हाला कधी आणलं?"

आरोपीला 'तुम्हाला' म्हटल्यावर सरकारी वकिलांनी मान वर केली.

"नळ आल्ते साहेब तवा," सुदाम म्हणाला. जीभ सुजल्यामुळं शब्द जड येत होते. "तिसरा ड्रम भरून राह्यल्तो."

"वार कोणता?"

"वार न्हाई सांगता येत. डोकं फिरून राह्यलंय. नळ आल्ते, एवढं पक्कं हाय."

सरकारी वकील हसले. बाईंनी रजिस्टर टेबलावर ठेवलं आणि बोट दाखवलं. सुदामच्या गल्लीचा व्हॉल्व्ह सोमवारी सकाळी सातला उघडला, आठ दहाला बंद केला. त्याआधीचं पाणी मागच्या आठवड्यात, त्यानंतरचं अजून यायचं होतं. व्हॉल्व्हवाला म्हणाला, "सही माझीच हाय, साहेब. नळाच्या टायमाला भांडणं व्हत्यात, म्हणून बराबर लिहितो."

आमच्या गावात रोज पाणी येत असतं तर सुदाम हरला असता. आठवड्यातून एकदा येतं म्हणून त्याला न्याय मिळाला. तेव्हापासून गावात कोणी पाण्याची तक्रार केली की मला जरा विचार पडतो.

साहेबांनी हुकूम सांगायला सुरुवात केली. सोमवारपासून ठेवलं, गुरुवारी आणलं. ही अटक बेकायदेशीर. आरोपीला ताबडतोब सोडावं, दवाखान्यात तपासावं, ठाण्यानं लेखी खुलासा द्यावा. नमुना उपयोगाचा नव्हता. मला एकेक शब्द ऐकून टाइप करावा लागला. बोटं अडखळत होती. माणूस सोडण्याचा हुकूम टाइप करायची सवय नव्हती.

बाहेर लिंबाखाली कांता पट्टीतून गोळी काढत होती. घाईत पहिली गोळी मातीत पडली. बाईंनी स्कूटीच्या डिकीतून पाण्याची बाटली काढली आणि खेकसल्या, "आधी पाणी दे त्याला, मंग गोळी. घशात अडकंल ना!" आभार मानायचं त्या दोघांना सुचलं नाही. बाईंनाही थांबायचं नव्हतं. अजून एक जीप आली होती.

सुदामनं केबल चोरली होती की नाही, ते मला आजही माहीत नाही. ती केस चालू आहे.

ह्या निकालानं तालुक्यात काय बदललं? ठाण्यानं तीन पानी खुलासा दिला. तो फायलीला लागला, फाईल रेकॉर्डरूमला गेली. साहेबांची नियमाप्रमाणं बदली झाली. पवार जमादारांनी मात्र धडा घेतला. ते अटकेच्या वेळा आलटून पालटून लिहायला लागले. कधी सतरा दहा, कधी अठरा पाच. कायद्याचा वचक बसला तो एवढा.

मी नमुन्यातली ती ओळ पुसून तिथं रिकामी जागा सोडली. पुढचे साहेब आले, त्यांनी ती बघितली आणि म्हणाले, "इथं काहीतरी राहिलंय." मी म्हणालो, "विचारून भरायचंय, साहेब." फार हळू म्हणालो. त्यांना नीट ऐकू गेलं की नाही कोण जाणे, पण त्यांनी मान हलवली.

मग एक दिवस पवार जमादारच आरोपी झाले. जप्त केलेला वाळूचा एक ट्रॅक्टर, ट्रॉलीसकट, ठाण्याच्या आवारातून नाहीसा झाला. एवढी मोठी वस्तू, पण रजिस्टरमध्ये ती कधी आलीच नव्हती, असं निघालं. आणि रजिस्टरमधलं अक्षर मोत्यासारखं होतं. जमादारांना अटक झाली. तालुक्यातले तीन नामांकित वकील उभे राहायला तयार असताना जमादारांनी बायकोला सांगितलं, "खरात म्याडमला बोलव. जल्दी."

बाई आल्या. व्हरांड्यात जमादारांसमोर उभ्या राहिल्या. सगळे पोलीस, सगळे वकील, मी, शिपाई, कामधंदा सोडून दारात.

"कव्हा आणलं?"

"सव्वाअकराला."

"कागदावर किती लिहिलंय?"

"सव्वाअकरा."

बाईंच्या कपाळाला आठी पडली. "घरी कळवलं?"

"अकरा पंचवीसला. बायकोची सही हाय."

"अटक का केली ते लेखी दिलं?"

"दिलं."

"डॉक्टर?"

"साडेबाराला. बीपी जरा जास्त आलं. गोळी दिली."

"जेवण?"

"वरण-भात. पोळी मी घेतली न्हाई."

तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. पकडल्यापासून पावणेचार तासांत माणूस न्यायाधीशाच्या दारात, पोटात वरण-भात, अंगावर इस्त्रीचा शर्ट. बाईंनी कागद एकदा चाळले. पुन्हा पहिल्यापासून चाळले. एक सही चुकलेली नव्हती, एक वेळ इकडची तिकडे नव्हती. मी माझ्या नोकरीत इतके देखणे कागद बघितले नाहीत.

बाईंनी मान वर केली आणि लिंबाखाली उभ्या असलेल्या सगळ्या पोलिसांकडे बघितलं.

"म्हंजे येतं तुम्हाला!"

कोणी हसलं नाही.

"सगळं येतं की. मला वाटायचं, शिकवलं न्हाई कोणी. बारा वर्षं घसा फोडून राह्यले मी. येतं तुम्हाला, बिलकुल येतं!" त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. मी त्यांना रागावलेलं पुष्कळदा बघितलं होतं. असं बघितलं नव्हतं.

आत गेल्यावर त्या साहेबांना म्हणाल्या, "अटकेबद्दल माझी काही हरकत न्हाई. सगळं कायद्यानं झालंय. फकस्त ह्या कागदांची एक नक्कल मला पाहिजे." नक्कल मिळाली. पुढं कितीतरी दिवस, कुठलाही आरोपी आणला की बाई तपासी अधिकाऱ्यापुढे ती नक्कल धरायच्या. "हे बघा, असं करायचं असतं. तुमच्याच लोकांनी केलंय. सोप्पं हाय."

जमादार जामिनावर सुटले. पुढं त्यांना दुसऱ्या ठाण्यात परत घेतलं, असं ऐकलं. लिहिण्याच्याच कामावर.

मी निवृत्त झालो आणि नवीन जालन्यात, स्टेशनच्या बाजूला, मुलाकडे राहायला आलो. गेल्या हिवाळ्यात पेन्शनच्या एका कागदावर सही हवी होती, म्हणून जुन्या कोर्टात गेलो. माझ्या खुर्चीवर नवा माणूस होता. समोरच्या भिंतीवर मोठा टीव्ही लावला होता. पहिल्या दिवशी आरोपीला समोर आणतात. पण एकदा जेलमध्ये गेला की पुढच्या तारखांना आता टीव्हीवरच दाखवतात. गाडी नको, पोलीस नकोत, डिझेल नको. आमच्या वेळेपेक्षाही काम लवकर उरकतं.

साहेब आतल्या खोलीत होते. टीव्हीवर पन्नाशीचा एक माणूस दिसत होता, मागे हिरवी भिंत. आणि टीव्हीच्या अगदी पुढ्यात, मान वर करून, खरातबाई. केस पांढरे झाले होते. कॅनव्हासचे बूट तेच असतील किंवा तसलेच.

"पहिल्या दिवशी मी नव्हते," त्या नव्या लघुलेखकाला सांगत होत्या. "आजारी व्हते. ह्याला कोणी काही विचारलंच न्हाई." मग टीव्हीकडे वळून मोठ्यानं म्हणाल्या, "तुझ्या खोलीत दुसरं कोणी हाय का?"

त्या माणसानं मान खाली घातली.

"माझ्याकडं बघ. घाबरू नको. तुला काही सांगायचंय का?"

त्यानं तोंड उघडलं. मग त्याचे डोळे बाजूला गेले, चौकटीच्या बाहेर, जिथं आम्हाला काही दिसत नव्हतं. आणि चित्र थिजलं. आवाजही गेला.

"नेट गेलं, म्याडम," नवा लघुलेखक म्हणाला. "पुढची तारीख देऊ का?"

"न्हाई."

"कधी येईल सांगता येत न्हाई. कधी कधी तासतास येत न्हाई."

"येऊ दे. थांबते मी."

माझी सही झाली होती. जालन्याची बस चुकली असती, म्हणून मी निघालो. व्हरांड्यातून जाताना खिडकीतून आत बघितलं. टीव्हीवर तो माणूस तसाच, तोंड अर्धं उघडं, नजर बाजूला. बाईंना कोणीतरी खुर्ची आणून दिली होती. त्या बसल्या नव्हत्या.